दोरीवर वाळणाऱ्या कपड्यांची ऊर्जा कुणाच्या खात्यात?

संशोधनाचा आराखडा लिहायला बसलं की पहिला प्रश्न येतो, काय मोजणार? दुसरा प्रश्न त्याहून अवघड असतो आणि तो बऱ्याचदा कुणी विचारतच नाही: काय मोजायचं सोडून देणार? आजच्या लेखात हा दुसरा प्रश्न एका अगदी साध्या गोष्टीवरून समजून घेऊ. ती गोष्ट म्हणजे कपडे वाळत घालायची दोरी. कुणी तिला वलण म्हणतं, कुणी तार म्हणतं. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत एकही वस्ती तिच्याशिवाय दिसणार नाही, पण शहराच्या कुठल्याही आकडेवारीत ती सापडणार नाही.

विषय इतिहासाचा आहे, पण मी विज्ञानाकडून आलो आहे. त्यामुळे मध्ये थोडे हिशेबही येतील. कागद-पेन्सिल जवळ ठेवा.

नदीपासून ड्राय बाल्कनीपर्यंत

कारखाने येण्याआधी हा सगळा पट्टा पवना आणि इंद्रायणीच्या काठच्या गावांचा होता. धुणं नदीवर, ओढ्यावर नाहीतर विहिरीवर. कपडे वाळायचे ते काठावरच्या खडकांवर, झुडपांवर, अंगणात बांधलेल्या दोरीवर. बारा बलुतेदारांपैकी परीट हा एक, म्हणजे धुण्याच्या आणि वाळवण्याच्या कामाला जातीचा पत्ता होता आणि धान्याच्या रूपात मोबदलाही होता. वाळवण्याच्या जागेलाही सोवळं-ओवळं होतं. ब्राह्मणी घरांमध्ये सोवळ्याची वस्त्रं उंच काठीवर, कुणाचा हात लागणार नाही अशी वाळत. ती वर सरकवायला वेगळी लांब काठी असे. म्हणजे दोरी कुठे आणि किती उंचीवर, हा प्रश्न तेव्हाही फक्त ऊन-वाऱ्याचा नव्हता.

फाळणीनंतर पिंपरीत सिंधी निर्वासितांची वसाहत झाली. आजही लोक तिला पिंपरी कॅम्प म्हणतात. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि कारखान्याबरोबर कामगारांची कॉलनी आली. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली. साठच्या दशकात टेल्को, बजाज ऑटो आणि त्यांच्यामागून शेकडो लहान वर्कशॉप आली. १९७० मध्ये नगरपालिका, १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण, १९८२ मध्ये महानगरपालिका. १९९१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पाच लाखांच्या थोडी वर होती, २००१ मध्ये दहा लाखांच्या आसपास, आणि २०११ मध्ये १७,२७,६९२.

हीच गोष्ट दोरीच्या बाजूने सांगता येते. कॉलनीच्या क्वार्टरमागे मोकळी जागा असायची, तिथे दोन खांबांमध्ये तार. चाळीत गॅलरीच्या कठड्याला समांतर दोरी, आणि कुणाच्या दारासमोर कुणाची दोरी यावरून भांडणं. मग सोसायट्यांच्या गच्च्या. पुढे हिंजवडीत आयटी पार्क झालं, वाकड-पिंपळे सौदागरकडे उंच इमारती उभ्या राहिल्या आणि स्वयंपाकघराला लागून दोन-तीन फूट रुंदीची ड्राय बाल्कनी आली. तिथेच वॉशिंग मशीन, तिथेच मोरी, तिथेच वर ओढून घ्यायचा वाळवणीचा स्टँड. दुसऱ्या टोकाला चाकणची एमआयडीसी वाढली आणि म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी या गावांत भाड्याच्या खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. दहा बाय दहाच्या खोलीत तिघं-चौघं, शिफ्ट वेगवेगळ्या, आणि दारासमोरच्या अरुंद पॅसेजमध्ये एकच दोरी. तिच्यावर निळे-करडे युनिफॉर्म शिफ्टप्रमाणे बदलत राहतात.

म्हणजे साठ-सत्तर वर्षांत कपडे वाळवण्याची जागा नदीकाठापासून अंगणात, अंगणातून गॅलरीत, गॅलरीतून बाल्कनीत आणि शेवटी खोलीच्या आत आली. ती दर वेळी आकसत गेली, आणि या आकसण्याची नोंद कुठल्याही तक्त्यात नाही.

वाळणं म्हणजे नेमकं काय

१८०२ मध्ये जॉन डाल्टन यांनी बाष्पीभवनाचा नियम मांडला. पाण्याच्या पृष्ठभागालगतच्या बाष्पाचा दाब आणि भोवतालच्या हवेतल्या बाष्पाचा दाब यांतला फरक जितका जास्त, तितकं बाष्पीभवन जलद. वाऱ्याने त्याचा वेग आणखी वाढतो. १९४८ मध्ये हॉवर्ड पेनमन यांनी यात सूर्याकडून येणाऱ्या ऊर्जेचा हिशेब जोडला आणि ते समीकरण आजही शेती-हवामानशास्त्रात वापरलं जातं.

हे आपल्याकडच्या हवेला लावून बघा. एप्रिलमधली दुपार घ्या: तापमान ३५ अंश, सापेक्ष आर्द्रता २५ टक्के. ३५ अंशाला संपृक्त बाष्पदाब सुमारे ५.६ किलोपास्कल असतो, म्हणून फरक साधारण ४.२. आता जुलैचा पावसाळी दिवस घ्या: २५ अंश आणि ८८ टक्के. संपृक्त बाष्पदाब सुमारे ३.१७, फरक फक्त ०.३८. म्हणजे ऊन आणि वारा बाजूला ठेवले तरी नुसत्या हवेचं ओढून घेणं अकरा पटीने कमी झालं. एप्रिलमध्ये तासाभरात वाळणारी चादर जुलैमध्ये दुसऱ्या दिवशीही दमट का लागते, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

या शास्त्राशी पुण्याचं नातं जुनं आहे. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आलं. शिवाजीनगरला आजही लोक सिमला ऑफिस चौक म्हणतात तो त्यामुळेच. १९३२ मध्ये पुण्यात डॉ. एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली कृषी-हवामान शाखा सुरू झाली. जमिनीलगतच्या हवेतली उष्णता आणि ओलावा हा त्यांचा विषय. तेव्हापासून पिकांसाठी बाष्पीभवनाचा पद्धतशीर अभ्यास होत आला आहे. धरणांचंही तसंच. पिंपरी-चिंचवडला पाणी पुरवणाऱ्या पवना धरणासारख्या जलाशयाचा हिशेब मांडताना बाष्पीभवनाची घट हा एक वेगळा रकाना असतो.

हाच वाफ होण्याचा प्रकार शेतात झाला की मोजला जातो, धरणावर झाला की मोजला जातो. घराच्या दोरीवर झाला की मात्र त्याला रकाना नसतो.

१९७५: एका लेखातला विरोधाभास

हे अमेरिकेत स्टीव्ह बेअर यांच्या लक्षात आलं. ते न्यू मेक्सिकोमधले संशोधक-उद्योजक, सूर्याच्या उष्णतेवर घरं गरम ठेवण्याच्या पद्धती तयार करणारे. १९७३ च्या तेलसंकटानंतर ऊर्जेचे तक्ते सगळीकडे छापून येत होते आणि त्यांत सौरऊर्जेचा वाटा नगण्य दिसायचा. १९७५ मध्ये ‘कोइव्होल्यूशन क्वार्टर्ली’ या नियतकालिकात बेअर यांनी एक छोटा लेख लिहिला, ‘द क्लोथ्सलाइन पॅरडॉक्स’.

मुद्दा असा. कपडे विजेच्या ड्रायरमध्ये वाळवले तर ती वीज तक्त्यात येते. तेच कपडे काढून दोरीवर टाकले तर विजेचा वापर तेवढा कमी झालेला दिसतो, पण सौरऊर्जेच्या रकान्यात काहीच वाढत नाही. काम तेवढंच झालं, कपडे तितकेच वाळले, पण कागदावर ऊर्जा गायब झाली. मग तक्ता वाचणाऱ्याला वाटतं, सूर्य काही कामाचा नाही.

अर्थशास्त्र शिकलेल्यांना यात ओळखीचं काहीतरी दिसेल. ए. सी. पिगू यांनी १९२० च्या ‘द इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर’ मध्ये असंच उदाहरण दिलं होतं: एखाद्याने आपल्या पगारी घरकामवाल्या बाईशी लग्न केलं तर राष्ट्रीय उत्पन्न कमी होतं, काम मात्र तेच राहतं. दोन्ही उदाहरणांची घडण एकच आहे. पैसे किंवा मीटर यांच्यातून जे जात नाही, ते हिशेबातून निसटतं. आपल्याकडे बघायचं तर लाँड्रीत टाकलेल्या कपड्यांचं बिल उत्पन्नात येतं, आईने घरी धुऊन वाळत घातलेल्या कपड्यांचं येत नाही.

आपल्या शहराचा ढोबळ हिशेब

तर मग पिंपरी-चिंचवडच्या दोऱ्यांवर रोज किती काम होतं? नेमका आकडा कुणी काढलेला नाही, पण अंदाज काढता येतो. गृहीतकं आधीच सांगतो, म्हणजे तुम्हाला ती बदलून बघता येतील.

२०११ ची लोकसंख्या घेऊ, १७.२७ लाख. दर घरी सरासरी चार माणसं धरली तर सुमारे ४.३ लाख घरं. एका घराच्या पिळलेल्या कपड्यांतून रोज दोन लिटर पाण्याची वाफ होते असं धरू. नेहमीच्या तापमानाला एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण २.४५ मेगाज्यूल लागतात, म्हणजे ०.६८ युनिट. गुणाकार करा: ४.३ लाख × २ × ०.६८ = सुमारे ५.८५ लाख युनिट रोज. वर्षाला एकवीस कोटी युनिटांच्या आसपास. चोवीस तासांवर पसरवलं तर सुमारे २४ मेगावॅट सतत.

आता या आकड्यावर लगेच विश्वास ठेवू नका. त्यात तीन गोष्टी तपासायला हव्यात.

पहिली, दोन लिटर हे गृहीतक. मशीनमध्ये फिरवून पाणी काढलं की कपड्यात कमी पाणी उरतं, हाताने पिळले की जास्त. एक लिटर धरलं तर उत्तर साडेदहा कोटी येतं, चार धरलं तर बेचाळीस कोटींच्या वर. घरी वजनकाटा असेल तर ओले आणि वाळलेले कपडे मोजून बघा. आठवडाभरात तुमच्या घराचा आकडा हातात येईल.

दुसरी, ही ऊर्जा सगळी थेट उन्हातून येत नाही. सावलीतही कपडे वाळतात, कारण वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता हवेतूनही मिळते. अर्थात ती हवाही सूर्यानेच तापवलेली असते.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची: याला ‘वाचलेली वीज’ म्हणता येईल का? नाही. दोरी नसती तर पिंपरी-चिंचवडच्या सगळ्या घरांनी ड्रायर घेतला असता, असं समजायला काही आधार नाही. बहुतेकांनी कपडे घरातच वाळवले असते. बेअर यांच्या अमेरिकेत दोरीला पर्याय ड्रायर होता, आपल्याकडे पर्याय आहे खोलीतला पंखा. एका देशातला युक्तिवाद दुसरीकडे आणताना अशा ठिकाणी थांबावं लागतं. आपला आकडा वाचलेल्या विजेचा नाही, सूर्याने आणि हवेने केलेल्या कामाचा आहे.

खोलीच्या आत काय होतं

आता हा पर्यायच तपासू. दहा बाय दहाची खोली, नऊ फूट उंच. आतली हवा सुमारे २५.५ घनमीटर. २५ अंशाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २३ ग्रॅम बाष्प मावतं, म्हणजे खोलीभर हवेत सुमारे ५९० ग्रॅम. पावसाळ्यात त्यातलं ८० टक्के आधीच भरलेलं. उरली जागा सुमारे ११७ ग्रॅमची. आणि वाळवायचे आहेत दोन लिटर, म्हणजे दोन हजार ग्रॅम.

याचा अर्थ खोलीतली सगळी हवा निदान सतरा वेळा बदलली पाहिजे, तेव्हा ते कपडे वाळतील. एकच खिडकी, तीही पॅसेजमध्ये उघडणारी, आणि रात्रपाळीहून आलेला माणूस दिवसा दार लावून झोपलेला. मग पाणी भिंतीत, गादीत, कपाटाच्या मागे जातं. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातल्या ओलाव्यावर आणि बुरशीवर मार्गदर्शक तत्त्वं काढली; दमट घरं आणि श्वसनाचे आजार, दमा यांचा संबंध त्यात मांडलेला आहे. घरात वाळलेल्या कपड्यांना जो कुबट वास येतो, त्यामागे ‘मोराक्सेला ओस्लोएन्सिस’ नावाचा जिवाणू असल्याचं जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं. उलट बाजूने, उन्हात वाळलेल्या टॉवेलच्या वासाचं रासायनिक विश्लेषण कोपनहेगन विद्यापीठातल्या गटाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलं. उन्हात वाळलेल्या टॉवेलमध्ये त्यांना आल्डिहाइड आणि कीटोन गटातली अशी संयुगं सापडली, जी घरात वाळवलेल्यांत नव्हती. ‘उन्हाचा वास’ हा आजीचा शब्द आता प्रयोगशाळेतही सापडतो.

थोडक्यात, दोरी बाहेर आहे की आत, हा आरोग्याचा प्रश्न आहे. पण ज्याला रकाना नाही, त्याच्यासाठी धोरण कोण करणार?

दुसरी न मोजलेली गोष्ट: वेळ

कपडे वाळत घालायला, पाऊस आला की धावत जाऊन काढायला, घड्या घालायला माणूस लागतो. बहुतेक घरांत तो माणूस म्हणजे बाई. हा वेळ मोजण्याची सुरुवात आपल्याकडे उशिरा झाली. १९९८-९९ मध्ये सहा राज्यांत चाचणी सर्वेक्षण झालं, त्यात महाराष्ट्र नव्हता. देशभराचं पहिलं वेळ-वापर सर्वेक्षण २०१९ मध्ये झालं. बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देतात असं आढळलं. असं काम करणाऱ्या पुरुषांची सरासरी होती ९७ मिनिटं. शिवाय असं काम करतोच असं सांगणाऱ्या पुरुषांचं प्रमाण साधारण चारात एक, स्त्रियांचं पाचात चार. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात कपडे धुणं आणि वाळवणं यांना आता वेगवेगळे संकेतांकही आहेत.

इथे मला गंमत वाटते ती अशी की सूर्याचं काम आणि बाईचं काम एकाच दोरीवर होतं आणि दोन्ही एकाच कारणाने हिशेबाबाहेर राहिली. बाईच्या वेळेला निदान एक सर्वेक्षण मिळालं. उन्हाला अजून नाही.

जागा मात्र मोजली जाते

ऊन फुकट, वेळ फुकट, पण दोरी बांधायची जागा फुकट नाही. इथे मोजमाप एकदम काटेकोर होतं. पूर्वीच्या बांधकाम नियमांत बाल्कनीचं ठरावीक प्रमाणापर्यंतचं क्षेत्र एफएसआयमध्ये धरलं जात नसे, त्यामुळे बाल्कन्या निघायच्या आणि पुढे अनेकदा बंद करून खोलीत घेतल्या जायच्या. डिसेंबर २०२० च्या राज्याच्या एकत्रित नियमावलीने बाल्कनी एफएसआयच्या हिशेबात आणली. २०१६ च्या रेरा कायद्याच्या व्याख्येत मात्र बाल्कनी कार्पेट एरियात येत नाही. म्हणजे बिल्डरच्या हिशेबात ती मोजायची, ग्राहकाला सांगायच्या चटईक्षेत्रात मोजायची नाही. गरिबांच्या घरकुल योजनांमध्ये अख्खं घरच पंचवीस चौरस मीटरचं; तिथे प्रत्येक फुटावर झोपणं आणि वाळवणं यांची स्पर्धा असते.

त्यात सोसायट्यांचे नियम. ‘दर्शनी भागात कपडे वाळत घालू नयेत’ ही ओळ अनेक सोसायट्यांच्या नोटीस बोर्डावर दिसते. कारण दिलं जातं इमारतीच्या शोभेचं. अमेरिकेतही हाच वाद झाला. फ्लोरिडा राज्याने १९८० मध्ये कायदा करून कपड्यांच्या दोऱ्या आणि सौरसंच यांवर बंदी घालायला मनाई केली. त्या कायद्यात दोरीचा उल्लेख ‘पुनर्नवीकरणीय स्रोतांवर चालणाऱ्या साधनां’बरोबर येतो. कायद्याच्या भाषेत दोरीला रकाना मिळाला की काय बदलतं, याचं हे चांगलं उदाहरण आहे.

दोरीवर जे दिसत नाही

दोरी हा इतिहासाचा पुरावा म्हणून वापरायचा असेल तर त्याची मर्यादाही माहीत हवी. दोरीवर सगळं दिसत नाही. पाळीचे कपडे अजूनही कितीतरी घरांत दुसऱ्या कपड्याखाली, मोरीच्या कोपऱ्यात, पलंगामागे वाळवले जातात. ज्या कापडाला उन्हाची सगळ्यात जास्त गरज, तेच सगळ्यात अंधारात. गॅलरी सामाईक असेल, पॅसेजमधून सगळे जात-येत असतील, तर जागेच्या टंचाईत लाजेची भर पडते. रस्त्यावरून दोऱ्यांचे फोटो काढून कुणी ‘कामगार वस्तीतलं कपडे वाळवणं’ असा प्रबंध लिहिला तर हा भाग पूर्ण निसटेल. जे दिसतं त्याचाच अभ्यास होतो, ही संशोधनातली जुनी खोड आहे.

तुमच्या आराखड्यासाठी

यातून घ्यायचं काय? रकान्यात नाही याचा अर्थ शून्य आहे असा होत नाही. विषय कुठलाही असो, तक्ता हातात आला की आधी बघा, तो कुणी, कशासाठी आणि कुठली सीमा आखून बनवला. ऊर्जेचा तक्ता मीटरवाल्यांनी बनवला, उत्पन्नाचा तक्ता पैशाने, चटईक्षेत्राचा तक्ता जागा विकणाऱ्या-विकत घेणाऱ्यांच्या कायद्याने. प्रत्येक सीमा आपापल्या कामापुरती बरोबर आहे. पण त्या सगळ्यांच्या बाहेर जे उरतं, ते अनेकदा एकाच घरात, एकाच माणसाच्या अंगावर येऊन पडतं.

या पट्ट्यात करण्यासारखे काही प्रश्न सुचवतो. चाकणच्या भाड्याच्या खोल्यांत पावसाळ्यातली आर्द्रता कपडे वाळवताना आणि नसताना किती असते? हजार-दीड हजारांच्या नोंदयंत्रात हे काम होतं. जुन्या चाळींचे मंजूर नकाशे आणि आजच्या इमारतींचे नकाशे शेजारी ठेवून वाळवण्याची जागा माणशी किती फूट होती, किती उरली? भोसरी-चाकणच्या धुळीचा दोरीवरच्या कपड्यांवर काय परिणाम होतो आणि त्यामुळे कपडे पुन्हा किती वेळा धुवावे लागतात? आणि ज्या बायका एमआयडीसीत पाळी करून घरी येतात, त्या धुणं वाळत घालतात कधी? रात्री घातलेले कपडे सकाळी काढणारं घरात कोण असतं?

यातल्या एकाही प्रश्नाला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. वजनकाटा, थर्मामीटर, मोजपट्टी आणि लोकांशी नीट बोलण्याची तयारी एवढं पुरतं. प्रश्न निवडलात की गृहीतकं माझ्यासारखीच पहिल्या पानावर लिहा, म्हणजे पुढच्याला ती खोडता येतील. माझ्या दोन लिटरच्या आकड्यापासून सुरुवात केलीत तरी चालेल.